शुद्ध कथलाचा जोड

हनीफच्या हातचा जोड गळत नाही, हे बेंबळीत शाळकरी पोरालाही माहीत होतं. ट्रॅक्टरचा रेडिएटर असो, बोअरच्या मोटरची नळी असो, नाहीतर गुऱ्हाळाची काहील असो, एकदा हनीफनं झाळलं की तो विषय संपला. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्याचा एकच जोड गळला. आणि गळला तो कुठं, तर शिवानीच्या यंत्रात! ज्या यंत्रावर त्या पोरीची नोकरी, तीन वर्षांची मेहनत आणि सगळी पत टांगलेली होती, नेमकं तिथं. इतकं खोडसाळ वागणं माणसाला जमत नाही बुवा, ते दैवालाच जमतं.

हनीफ मूळचा कल्हईवाल्याच्या घरातला. आता कल्हई म्हणजे काय हेही सांगावं लागतं, काय दिवस आलेत! तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ मुलामा द्यायचा, ती कल्हई. हनीफचे अब्बा समद या कामातले वस्ताद होते. सायकलच्या कॅरिअरला भाता बांधून आसपासची वीसेक गावं हिंडायचे. पारापाशी खड्डा करून कोळसा पेटवायचे, भांडं तापलं की त्यात नवसागर भुरभुरवायचे, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं असा एक फेरा मारायचे की बाया बघत राहायच्या. बाकीचे कल्हईवाले कथलात शिसं मिसळायचे, कारण शिसं स्वस्त आणि वरून फरक कुणाला कळतो? पण शिसं पोटात जातं आणि माणसाला आतून पोखरतं. समदनी जन्मात कधी शिसं मिसळलं नाही. त्यासाठी चार गिऱ्हाइकं कमी झाली तरी त्यांनी फिकीर केली नाही.

त्या घराची एक रीत होती. पोरगं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं एखादी वाटी कल्हई करी, तेव्हा त्या वाटीतली आंबट कढी आधी त्याच्या आईनं प्यायची. गिऱ्हाईक मागनं. हनीफच्या वेळी त्याच्या अम्मीनं वाटी तोंडाला लावली आणि अब्बा त्याला म्हणाले, "बघ, यात शिसं असतं तर आत्ता तुझ्या आईच्या पोटात गेलं असतं. आता कसम घे, कथलात शिसं घालणार न्हाय म्हणून." बारा वर्षांच्या हनीफनं कसम घेतली. अम्मी कढी पिऊन होईपर्यंत तो भेदरून तिच्याकडं बघत होता, आणि ती भीती पुढं कधीच त्याच्या अंगातनं गेली नाही.

मग स्टीलची भांडी आली आणि कल्हई मेली. हनीफ पुण्याला गेला. तिथं प्रयोगशाळांसाठी निर्वात पंप, नळ्या, टाक्या बनवणारा एक कारखाना होता, त्यात रामहरी नावाचे जुने मिस्त्री होते. तिरसट माणूस. पण त्यांनी या कल्हईवाल्याच्या पोराचा हात बघितला आणि त्याला चांदीचा झाळ शिकवला, तांबं आणि स्टील एकमेकांत असं बसवायला शिकवलं की मधून हवेचा कण जाऊ नये. बावीस वर्षं हनीफ तिथं राबला. पुढं अब्बा अंथरुणाला खिळले म्हणून बायको शरिफाबीला घेऊन बेंबळीला परतला. अब्बा गेले. जाताना एका फडक्यात गुंडाळलेल्या जुन्या कथलाच्या तीन कांड्या त्याच्या हातात ठेवून गेले. असं कथील आता मिळत न्हाय, एवढंच म्हणाले. हनीफनं स्टँडजवळ पत्र्याचं शेड टाकलं आणि गावाचे रेडिएटर झाळत बसला.

त्याच शेडमध्ये एके दिवशी महांतप्पा वाण्याची शिवानी आली. लहानपणी हिच्या घरची सगळी भांडी समदचाचांनी कल्हई केलेली. पोरगी शिकली, पुणं झालं, परदेश झाला, भौतिकशास्त्रात डॉक्टर झाली, आणि आता धाराशिवच्या बाहेर एका संस्थेनं काढलेल्या विज्ञान केंद्रात तीन वर्षांच्या करारावर आली होती. म्हणाली, "चाचा, मला एक यंत्र बांधायचंय. बाहेरून आणायची ऐपत न्हाय आपली. तुम्ही हाताशी असाल तर बांधीन, नसाल तर न्हाय."

"कशाचं यंत्र?"

"गार करायचं."

"बर्फाचं?"

शिवानी हसली. तिला गार म्हणजे साधंसुधं गार नको होतं. शून्याच्या खाली दोनशे त्र्याहत्तर अंशांवर गारव्याची शेवटची पायरी आहे, त्याच्या खाली जगात काही गार होऊच शकत नाही. तिला त्या पायरीला जवळजवळ हात लावायचा होता, आणि तिथं नेऊन एक धातूचा तुकडा प्रचंड ताकदीच्या चुंबकात धरून बघायचा होता की त्याच्या आत काय चाललंय. हनीफला यातलं निम्मं कळलं नाही. पण ती जे पुढं बोलली ते मात्र त्याला पक्कं कळलं. यंत्र गार करायला जे द्रवरूप हेलियम भरायचं, ते इतक्या गारव्यात असं पातळ होतं की त्याला अंगची चिकटाईच राहत नाही. ज्या भेगेतून हवा जायची नाही त्या भेगेतून ते बिनदिक्कत निसटतं. म्हणजे सगळं यंत्र शेवटी जोडावर आलं.

"मग तर माझंच काम हाय की!" हनीफ म्हणाला. लई दिवसांनी त्याची छाती भरून आली.

अडीच वर्षं लागली. हनीफ रोज सकाळी बेंबळीहून एसटीनं केंद्रात जायचा. एकात एक अशा टाक्या, केसासारख्या बारीक नळ्या, आणि सगळ्यात खाली तांब्याची एक वाटी, जिच्यात खरा गारवा तयार व्हायचा. त्या वाटीभोवती चुंबकाचं वेटोळं. चुंबक सुरू असला की खोलीत लोखंडाचा पाना न्यायचा नाही, उडून जाऊन आपटेल, म्हणून हनीफनं सगळे पाने पितळेचे करून घेतले. गळती शोधायचं एक उपकरण होतं, हेलियमचा वास लागला की ते ओरडायचं. हनीफ त्याला टिटवी म्हणायचा. "टिटवी गप हाय म्याडम," असं त्यानं म्हटलं की शिवानी वहीत खूण करायची. पाहुण्यांसमोर तो तिला म्याडम म्हणे आणि दोघंच असले की पोरी. ती त्याला दोन्हीकडं चाचाच म्हणायची.

एकूण त्रेचाळीस जोड. बेचाळीस चांदीच्या झाळाचे, आणि एक, त्या शेवटच्या वाटीच्या झाकणाचा, मऊ डाखाचा, म्हणजे थोड्या आचेवर वितळणाऱ्या झाळाचा, कारण आत धातूचा तुकडा बदलायला झाकण उघडावं लागायचं. ड्रॉइंगवर शिवानीनं लिहिलं होतं, डाख साठ-चाळीस. म्हणजे साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं.

शिसं! हनीफनं तो आकडा वाचला आणि त्याला कसंतरीच झालं. चाळीस भाग? बाजारातला भुरटा कल्हईवालासुद्धा इतकं घालायचा नाही. त्याला वाटलं, पोरीनं खर्च वाचवायला लिहिलंय, बिचारी पै न् पै वाचवतेय. त्यानं तिला विचारलं का? नाही. घरी गेला, अब्बांच्या फडक्यातली एक कांडी काढली आणि यंत्राच्या काळजाशी असलेला तो एकमेव जोड शुद्ध कथलानं केला. कुणाला बोलला नाही. बोलून काय मोठेपणा घ्यायचा, आपल्या घरची चीज पोरीच्या यंत्रात गेली यातच सगळं आलं, असं त्याच्या मनात होतं. जोड असा देखणा उतरला होता की शिवानीनं त्यात स्वतःचं तोंड बघून केस सारखे केले.

पहिल्या खेपेला यंत्र उतरलं! एका अंशाचे हजार भाग केले, तर शेवटच्या पायरीच्या वर फक्त चौदा भाग. शिवानी आकड्याकडं बघून मटकन खुर्चीत बसली आणि रडली. हनीफनं पेढे वाटले, केंद्राच्या वॉचमनपासून बसच्या कंडक्टरपर्यंत.

पण असलं सुख टिकतं होय! हेलियम लांबून यायचं, मोठ्या थर्मासासारख्या टाकीत, आणि वाटेतच उकळून उकळून चौथाई उडून जायचं. पुढची टाकी यायला कधी महिना, कधी दोन. तेवढ्या काळात यंत्र पुरतं तापू नये म्हणून ते दोघं द्रवरूप नायट्रोजन ओतून ते कसंबसं अर्धवट गार ठेवायचे. नायट्रोजन संपलं की यंत्र हळूहळू तापायचं, मग पुन्हा ओतायचे. सगळा हिवाळा यंत्र असं ना धड गार ना धड गरम पडून राहिलं. जानेवारीत दुसऱ्यांदा हेलियम भरलं आणि टिटवी ओरडली. थोडीशीच. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा भरलं आणि ती अशी ओरडली की शिवानीनं कानावर हात ठेवले. यंत्र अर्ध्या वाटेवरच तापायला लागलं.

चोवीस मार्चला बाहेरची समिती येणार होती. यंत्र चालतं का नाही ते बघून शिवानीचा करार पुढं न्यायचा का प्रकल्प गुंडाळायचा, ते त्याच दिवशी ठरणार. हेलियमची पुढची टाकी एप्रिलशिवाय नाही. म्हणजे चालवून दाखवणं तर गेलंच. आता निदान का गळालं, ते तरी सांगता आलं पाहिजे.

दहा मार्चला हनीफनं यंत्र उघडलं. शिवानी त्या दिवशी समितीच्या कागदांसाठी ऑफिसात अडकली होती. त्यानं वाटी खाली घेतली, झाकणाकडं बघितलं आणि त्याचे हात थबकले. जोडाच्या कडेला करडी भुकटी साचली होती. चुलीतल्या राखेसारखी. त्याच्या आरशासारख्या कथलावर फोड आले होते आणि मधे भेग पडली होती. हनीफला वाटलं, कसली तरी घाण बसलीय, पंपाचं तेल जळलं असंल. आणि मग त्यानं तेच केलं जे कल्हईवाल्याचा हात विचार न करता करतो. भांड्यावर राख दिसली की पुसायची. फडकं घेतलं, जोड लख्ख पुसला, फडकं खिशात कोंबलं.

शिवानी आली तेव्हा तिला दिसली ती फक्त भेग. भिंगातून बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "चाचा, हे माझंच चुकलं. तांब्याची वाटी आणि झाकणातून जाणारी स्टीलची नळी, गार होताना दोन्ही सारखी आकसत न्हाईत. जोडावर ताण येतो. मी जागा ठेवायला पाहिजे होती."

"तसं कसं म्हणतेस," हनीफ म्हणाला, पण त्याला पटलंही. शिकलेल्या माणसाचं आहे, बरोबरच असेल.

बसमध्ये बसल्यावर त्यानं खिशात हात घातला आणि ते फडकं हाताला लागलं. उलगडून बघितलं. तेलाची राख अशी नसते. बोटावर चोळली तर बारीक किरकिर लागली, धातूची. घरी पोचल्याबरोबर त्यानं पुण्याला रामहरी मिस्त्रींना फोन लावला. म्हातारबुवा नव्वदीला टेकलेले, कानांनी अधू, पण डोकं शाबूत.

"करडी भुकटी?" रामहरी ओरडले. "डाख कसला लावला होतास?"

"कथलाचा."

"नुसत्या कथलाचा? शुद्ध?"

"व्हय. अब्बांच्या वेळचं कथील हाय, एक नंबर—"

"अरे गाढवा! शुद्ध कथलाला थंडीचा रोग होतो, माहीत नाही तुला? गारव्यात ते आतून मोडतं आणि भुगा होऊन पडतं. आणि तुम्ही महिनेमहिने अर्धवट गार ठेवलंत ना, ते तर त्याला भलतंच मानवतं. शिसं घालतात ते कशासाठी, हौस म्हणून? शिसं असलं की तो रोग होत नाही. ड्रॉइंगवर काय लिहिलं होतं?"

हनीफनं फोन कानाला तसाच धरला. तिकडून रामहरी हॅलो हॅलो करत राहिले. बेंबळीच्या उन्हात जन्म गेला त्याचा, अब्बांचा, आज्याचा. कथील थंडीनं आजारी पडतं हे त्या घरात कुणाला कसं माहीत असणार? इथं थंडी पडते ती शेकोटीपुरती.

खरं सांगायचं तर त्याच क्षणी उठायचं, शिवानीला फोन करायचा आणि म्हणायचं, पोरी, तुझं चुकलं नाही, माझं चुकलं. दोन मिनिटांचं काम. पण नाही झालं त्याच्यानं. त्याला तिचा तो चेहरा आठवायचा, पेढ्यांच्या दिवशीचा. ती जगाला सांगत सुटली होती की असा जोड देशात दुसरा कुणी करत नाही. तिच्या बापाला सांगितलं होतं, सहकाऱ्यांना सांगितलं होतं. आता तिच्यापुढं जाऊन म्हणायचं की तू लिहिलेलं मी मानलं नाही, तुला न विचारता माझं शहाणपण चालवलं?

अकरा तारीख गेली, बारा गेली. रोज तो केंद्रात जायचा. शिवानी अहवाल लिहीत बसलेली असायची आणि त्यात एकेक ओळ स्वतःच्या चुकीची घालत जायची. डोळे सुजलेले. एकदा तर म्हणाली, "चाचा, तुमच्या जोडाला नाव ठेवायची कुणाला मुभा देणार न्हाय मी. आराखडा माझा, दोष माझा." हनीफला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तो म्हणाला, "चहा आणतो," आणि बाहेर गेला, आणि टपरीपाशी उभा राहून चहाच आणायचा विसरला.

जेवण सुटलं. शरिफाबीनं आठवडाभर बघितलं आणि एका दुपारी ताट पुढं सरकवून सरळ विचारलं, "अजी, काय झालंय ते सांगताव का मी पोरीला जाऊन इचारू?" हनीफनं सगळं सांगितलं. कसम, कांडी, भुकटी, सगळं. शेवटी म्हणाला, "अब्बांची कसम होती. शिसं कसं घालू?"

शरिफाबी त्याच्याकडं बघतच राहिली. "अब्बांची कसम भांड्यासाठी होती. माणसं जेवतात त्या भांड्यासाठी. तुमच्या त्या डब्यात कोण जेवणार होतं?"

इतकी वर्षं त्या कसमेकडं त्यानं असं कधी बघितलंच नव्हतं. त्याला हसू येईना आणि रडूही येईना.

"जा आणि बोला," शरिफाबी म्हणाली. "पोरीला बोला आधी."

हनीफनं मान हलवली. आणि तरीही तेवीस तारीख उजाडली तोवर तो बोलला नाही. तेवीसला संध्याकाळी निघताना दारात थांबला. शिवानीनं वर बघितलं. "काय हो चाचा?" तो म्हणाला, "काय न्हाय. उद्या लवकर येतो." एवढं म्हणून बाहेर पडला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

चोवीसला तो धुतलेला सदरा घालून गेला. मनाशी ठरवलं होतं, सांगायचं ते थेट साहेबांना सांगायचं. म्हणजे पोरीचं नाव निर्मळ होईल, तिला आपल्या तोंडाकडं बघत ऐकावं लागणार नाही, आणि शिक्षा होईल ती आपल्याला होईल. त्याला हे फार बरोबर वाटलं होतं. असल्या वेळी माणसाला आपलंच डोकं फार शहाणं वाटतं, दुसरं काय!

समितीचे पाच जण लांब टेबलाला बसले होते. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, सौम्य बोलणारे गृहस्थ. शिवानी फळ्यापाशी उभी राहून नळी आणि वाटी काढून दाखवत होती, ताण कुठं येतो ते समजावत होती. ती खाली बसली आणि हनीफ दार ढकलून आत आला. शिपाई मागून हात धरत होता, त्याला न जुमानता तो टेबलापर्यंत गेला आणि फडकं उलगडून अध्यक्षांसमोर ठेवलं.

"साहेब, म्याडमचं काय चुकलं न्हाय. त्यांनी ड्रॉइंगवर शिसं लिहिलं होतं. म्या घातलं न्हाय. माझ्या मनानं शुद्ध कथील लावलं, त्याची थंडीनं ही भुकटी झाली. गुन्हा माझा हाय. त्यांना सजा देऊ नका."

शिवानी खुर्चीतून अर्धी उठली होती, तशीच राहिली.

अध्यक्षांनी चष्मा पुढं ओढून भुकटी बघितली. बोटानं चोळली. मग मान डोलावली, म्हणजे त्यांना पटलं होतं. "तुम्ही खरं सांगितलंत, आभारी आहे," ते म्हणाले. हनीफचा जीव भांड्यात पडला. पण अध्यक्ष शिवानीकडं वळले. "मॅडम, जोडात कोणतं साहित्य गेलं, ते तुम्ही तपासलं नव्हतं?"

"नाही."

"नमुना घेतला नव्हता? लेखी नोंद?"

"नाही, सर."

"का?"

शिवानीनं हनीफकडं बघितलं. "जोड हनीफचाचांचा होता, म्हणून."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, आराखडा चुकला तर त्याला आम्ही चूक म्हणत नाही. प्रयोगात ते होतंच. तुमचा अहवाल प्रामाणिक होता. तुम्हाला सहा महिने वाढवून द्यायचे, हे आमचं आत्ता ठरतच आलं होतं. पण मंजूर ड्रॉइंग बाजूला ठेवून कारागीर आपल्या मनानं काहीही घालतो आणि महिनेमहिने तुम्हाला पत्ता नसतो, याला मी काय म्हणू? उरलेल्या जोडांत काय आहे, हे तरी तुम्ही खात्रीनं सांगू शकता का?"

"बाकीचे बेचाळीस चांदीचे हायत, साहेब!" हनीफ कळवळून म्हणाला. "एक बी गळत न्हाय. बघा की लावून ती टिटवी, आत्ता बघा!"

"ते तुम्ही सांगताय," अध्यक्ष म्हणाले. ते काही रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर हनीफनं त्यांच्याशी भांडण तरी केलं असतं. त्यांनी समोरचा कागद ओढला, त्यावर आधी लिहिलेली एक ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. हनीफला ती उलटी दिसत होती, वाचता येत नव्हती. वाचायची गरजही नव्हती.

एप्रिलअखेर प्रकल्प बंद. यंत्र सुटं करून भांडारात जमा.

समिती जेवायला गेली. शिवानी व्हरांड्यात आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. हनीफ तिच्या मागं आला, पण चार हातांवरच थांबला. त्याला वाटत होतं, तिनं ओरडावं, काय वाट्टेल ते बोलावं, एखादी शिवी द्यावी. ती वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि ते बघून त्याचा धीर पुरता सुटला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दहा तारखेला."

"चौदा दिवस." ती सावकाश म्हणाली. "चाचा, मला सांगितलं असतं तर मी तो जोड तपासून घेतला असता. बाकीचेही तपासून घेतले असते. अहवालात लिहिलं असतं, साहित्य बदललं, त्याचा हा असा परिणाम झाला, हे आम्ही शोधून काढलं. उलट चांगलंच दिसलं असतं हो. सगळं निभावलं असतं." आता तिचा आवाज चढला. "रोज माझ्यासमोर बसत होता तुम्ही! मी रडत होते ते बघत होता! मला सांगायला जीभ उचलली न्हाय, आणि त्या पाच परक्या माणसांपुढं जाऊन सगळं ओकलात? त्यांची लाज वाटली न्हाय तुम्हाला?"

हनीफनं खाली बघितलं. खोटं बोलायची आता काही सोय उरली नव्हती.

"न्हाय वाटली, पोरी," तो म्हणाला. "त्यांची-माझी वळखच न्हवती."

शिवानीनं तोंडावर हात धरला. मग आत गेली आणि प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज हनीफला स्पष्ट ऐकू आला.